निकाल मनासारखा लागला नाही, तर पुढचे सहा आठवडे

राज्य मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल बहुतेक वेळा दुपारी एकला ऑनलाइन दिसू लागतो. त्या दिवशी रात्री झोपेपर्यंत तीन गोष्टी होऊ द्यायच्या नाहीत. एक, पुढच्या वर्षाचा कुठलाही निर्णय. शाखा बदलायची, क्लास सोडायचा, गावी पाठवायचं, मोबाइल कायमचा काढून घ्यायचा, यातलं काहीही आज ठरवायचं नाही. दोन, कुणाच्याही टक्क्यांशी तुलना. तीन, ज्याचा निकाल आहे त्याने किंवा तिने दार लावून एकट्याने बसणं. बाकी रडू येत असेल तर रडू द्यावं, जेवण अर्धं राहिलं तरी चालेल, लवकर झोपलं तर उत्तमच.

हा मजकूर फक्त नापास झालेल्यांसाठी नाही. पंच्याण्णवची आशा असताना अठ्ठ्याऐंशी मिळालेली मुलगी आणि गणितात अडकलेला मुलगा यांना त्या दुपारी होणारं दुःख सारखंच खरं असतं. ‘एवढे मिळाले तरी रडतेस’ असं पहिलीला म्हणणं आणि ‘तरी सांगत होतो’ असं दुसऱ्याला म्हणणं, दोन्हींनी एकच होतं: मूल बोलायचं थांबतं. आणि पुढची सगळी कामं बोलण्यावरच अवलंबून आहेत.

पहिला दिवस

आधी फोनचं पाहा. निकालाच्या दिवशी मामा, काकू, सोसायटीतले लोक, क्लासचे सर, सगळ्यांचे फोन येतात. घरातल्या एकाच माणसाने ते घ्यायचे आणि सगळ्यांना एकच वाक्य सांगायचं: ‘निकाल लागला, पुढचं बघतोय, ठरलं की आम्हीच कळवू.’ टक्के सांगायचे की नाही हे मुलाला विचारून ठरवावं. तो ‘नको’ म्हणाला तर आजीलाही सांगू नये. विद्यार्थ्यांनी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला दोन दिवस म्यूट करून ठेवावं आणि स्टेटस पाहू नयेत. कारण साधं आहे. पहिल्या काही तासांत ज्यांचं चांगलं झालं तेच बोलतात, बाकीचे गप्प असतात, त्यामुळे ‘मी सोडून सगळ्यांना नव्वदच्या वर’ असं वाटतं. चौकात लागणाऱ्या क्लासच्या फ्लेक्सवरही वीस-पंचवीस चेहरे असतात, त्या क्लासमधल्या बाकीच्या मुलांचे नसतात.

आई-बाबांनी काय बोलायचं, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. फार बोलायची गरज नसते. ‘वाईट वाटतंय ना? मलाही वाटतंय. आज काही ठरवायचं नाही. उद्या-परवा एकत्र बसून बघू’ एवढं पुरतं. ‘मलाही वाटतंय’ हे मोकळेपणाने म्हणावं. आई-बाबांचा चेहरा मुलांना वाचता येतो, खोटं हसू लगेच कळतं. मात्र ‘तुझ्यासाठी एवढा खर्च केला’, ‘आता लोकांना काय तोंड दाखवू’, ‘शेजारच्याला बघ’ ही वाक्यं त्या आठवड्यात अजिबात नकोत. राग आवरतच नसेल तर खाली उतरून एक चक्कर मारून यावी. त्या रात्री आई आणि बाबा यांनी एकमेकांवर दोष ढकलणंही टाळावं, कारण मूल पलीकडच्या खोलीतून ऐकत असतं आणि तो दोष स्वतःवर घेतं.

आता एक गोष्ट थेट लिहितो. मूल ‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘आता जगून काय करू’ असं काही बोललं, जवळच्या वस्तू इतरांना वाटून टाकू लागलं, मित्रांना निरोप घेतल्यासारखे मेसेज पाठवले, किंवा दोन-तीन दिवस न झोपता न जेवता एकदम शांत झालं, तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा: ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट विचारल्यावर बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू हाताशी राहू देऊ नका आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबरही आहे. धोका लगेचचा वाटत असेल तर ११२, नाहीतर पुण्यात ससूनच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात थेट घेऊन जा. तो दिवस निघून गेला तरी मानसोपचारतज्ज्ञांची भेट रद्द करू नका. निकालाच्या काळात मंडळही समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. ते वर्तमानपत्रात येतात, कापून ठेवावेत.

दुसरा आणि तिसरा दिवस: कागद समोर घेणं

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोट भरल्यावर, ऑनलाइन निकालाची प्रिंट काढा. मूळ गुणपत्रिका काही दिवसांनी शाळेतून मिळते, पण कामाला लागायला प्रिंट पुरते. डिजिलॉकरवरही गुणपत्रिका येते. एकूण टक्क्यांवर सध्या एक कागद ठेवून ते झाका आणि एकेका विषयाकडे पाहा. टक्का ही अनेक विषयांची सरासरी असते. दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यातून कळत नाही.

दहावीला सहाशे गुणांची परीक्षा असते, पण टक्के काढताना सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय घेतात, म्हणजे पाचशेपैकी. अकरावीच्या गुणवत्ता यादीलाही हेच पाचशेपैकीचे गुण लागतात. त्यामुळे एका विषयात कमी पडले असतील तर तोच विषय सहावा ठरून बाजूला गेलेला असू शकतो. पुष्कळ घरांत पहिल्या दिवशी हे लक्षातच येत नाही आणि ज्या विषयाने टक्का हललाच नाही त्याच्यावरून रात्रभर बोलणी खावी लागतात.

मग प्रत्येक विषयातले लेखी आणि शाळेकडचे गुण वेगळे करा. गणितात लेखी ऐंशी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस. विज्ञानात लेखी ऐंशी, प्रात्यक्षिकाचे वीस. भाषांतही ऐंशी-वीस. अंतर्गत अठरा आणि लेखी बत्तीस असे गुण असतील तर गोष्ट एक आहे, अंतर्गत अकरा आणि लेखी पंचावन्न असतील तर पूर्णपणे वेगळी.

गुणांची शंका असेल तर

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. गुणपडताळणी म्हणजे एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, बेरीज बरोबर आहे का, आतले गुण मुखपृष्ठावर नीट उतरले का, एवढंच पाहणं. उत्तर नव्याने तपासलं जात नाही. पुनर्मूल्यांकन म्हणजे उत्तरं पुन्हा तपासणं. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेणं बंधनकारक आहे, आणि छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो.

अलीकडच्या निकालांना शुल्क असं आहे: गुणपडताळणी प्रत्येक विषयाला पन्नास रुपये, छायाप्रत चारशे, पुनर्मूल्यांकन तीनशे. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरतात. मुदत निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून साधारण पंधरा दिवसांची असते. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि अर्ज १४ ते २८ मे या काळात घेतले गेले. आपल्या वर्षीच्या परिपत्रकातल्या तारखा आणि रकमा पाहूनच पैसे भरा. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ हळू चालतं आणि पैसे खात्यातून जाऊन अर्ज अर्धवट राहतो, म्हणून दोन-तीन दिवस आधीच भरून पावती जपून ठेवा.

कुठल्या विषयाची छायाप्रत मागवायची? आमचा सल्ला असा. पेपरच्या दिवशी घरी येऊन मोजलेला अंदाज आणि मिळालेले गुण यांत दहा-बारा गुणांपेक्षा जास्त फरक असेल, तर मागवा. एक-दोन गुणांनी पास व्हायचं राहिलं असेल, तरी मागवा. नुसतं ‘जरा जास्त मिळायला हवे होते’ असं वाटत असेल तर चारशे रुपये वाचवा. पुनर्मूल्यांकनात गुण वाढतीलच अशी खात्री नसते, आणि त्याचा निकाल हातात येईपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या थांबत नाहीत. म्हणून त्या अर्जाच्या भरवशावर बाकीची कामं अडवून ठेवू नयेत.

खरं तर छायाप्रतीचा मोठा उपयोग गुण वाढवण्यासाठी नाहीच. स्वतःची उत्तरपत्रिका शांतपणे पाहायला मिळते, हा तो उपयोग. ज्याला पुरवणी परीक्षा द्यायची आहे त्याने चारशे रुपये या कामासाठी नक्की घालावेत. क्लासच्या एका महिन्याच्या फीपेक्षा ते जास्त शिकवून जातात.

उत्तरपत्रिका कशी वाचायची

विषयाच्या शिक्षकांना बरोबर घ्या. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पण निकालाच्या काळात मुख्याध्यापक आणि लिपिक बहुतेक ठिकाणी असतात, शिक्षकांना फोन करून वेळ मिळते. एक कोरा कागद घेऊन चार रकाने आखा. प्रत्येक गमावलेला गुण यांपैकी एका रकान्यात टाकायचा:

‘आलंच नाही’. प्रकरण वाचलंच नव्हतं किंवा समजलं नव्हतं.

‘येत होतं, पण लिहायचं राहिलं’. वेळ पुरला नाही, प्रश्न सुटला, पुरवणी पानावर लिहिताना क्रमांक चुकला.

‘प्रश्न चुकीचा वाचला’. तीनपैकी दोन सोडवायचे होते तिथे एकच सोडवला, पायची किंमत ३.१४ दिली असताना बावीस सप्तमांश घेतली, ‘कारणे द्या’ विचारलं असताना व्याख्या लिहिली.

‘येत होतं, पण मांडणी गेली’. पायऱ्या गाळल्या, एकक लिहिलं नाही, कच्ची आकृती काढली नाही, भूमितीत सिद्धतेच्या विधानापुढे कारण लिहिलं नाही, विज्ञानाच्या आकृतीला नावं दिली नाहीत.

या कामाला एका विषयाला दीड तास लागतो. बेरीज केली की जे दिसतं ते बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं असतं. ‘मला गणित येतच नाही’ म्हणणाऱ्या मुलाचे पंधरा-सोळा गुण शेवटच्या दोन रकान्यांत सापडतात. त्या दोन रकान्यांतले गुण परत मिळवणं सोपं असतं, त्यासाठी नवीन काही शिकावं लागत नाही. पहिल्या रकान्याला वेळ लागतो. दुसऱ्याला घड्याळ लावून पेपर सोडवण्यावाचून इलाज नाही.

छायाप्रत मागवायची नसेल तर प्रश्नपत्रिका समोर घेऊन आठवून हेच करा. थोडं कच्चं होतं, पण नुसत्या टक्क्याकडे पाहत बसण्यापेक्षा बरं.

एक-दोन विषय राहिले असतील तर

दहावीला एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीची सवलत आहे, म्हणजे अकरावीला तात्पुरता प्रवेश घेता येतो आणि राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत सोडवायचे. घरात ‘वर्ष गेलं’ हा शब्द येण्याआधी ही गोष्ट माहीत असायला हवी. तीन किंवा जास्त विषय राहिले तर एटीकेटी नाही, पण पुरवणी परीक्षा सगळ्यांना आहे. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा ऑक्टोबरऐवजी त्याच उन्हाळ्यानंतर लगेच घेतली जाते. २०२५ मध्ये ती २४ जूनला सुरू झाली, म्हणजे निकालानंतर बरोबर बेचाळीस दिवसांनी. बारावीचा निकाल त्या वर्षी ५ मे रोजी लागला होता, त्यांना पन्नास दिवस मिळाले. पुरवणीत पास झालेल्यांसाठी अकरावीची फेरी नंतर घेतली जाते, त्यामुळे त्याच वर्षी प्रवेश होतो.

नियमित विद्यार्थ्यांचा पुरवणीचा अर्ज शाळेमार्फतच जातो. निकालानंतर दोन-तीन दिवसांतच भरायला सुरुवात होते आणि मुदत संपली की विलंब शुल्क लागतं. सुट्टीला गावी गेल्यामुळे अर्ज राहून जाणं हे दर वर्षी घडतं, म्हणून कोकणात किंवा सोलापूरकडे जायचं असेल तर आधी शाळेत जाऊन सही करून या.

पास झालात पण गुण कमी आहेत, तर श्रेणी-गुण सुधार योजना आहे, म्हणजे पास असूनही पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवायची सोय. सर्व विषयांसह पास झालेल्यांना २०२५ पासून लगतच्या तीन परीक्षांची संधी आहे. ही वाट सगळ्यांनी घ्यावी असं आम्हाला वाटत नाही. नव्वदचे त्र्याण्णव करण्यासाठी अकरावीचे पहिले महिने खर्च होतात, आणि अकरावी शास्त्रात मागे पडलेला विद्यार्थी ते पुढे दोन वर्षं भरून काढत बसतो.

बेचाळीस दिवसांत गणित

पुरवणीला बसणाऱ्यांत गणित आणि इंग्रजीची मुलं भरपूर असतात, म्हणून इथे गणित नीट मांडतो.

दोन पेपर, भाग एक म्हणजे बीजगणित आणि भाग दोन म्हणजे भूमिती. प्रत्येकी चाळीस गुण, दोन तास. पहिला प्रश्न आठ गुणांचा, त्यात चार पर्यायी उत्तरांचे आणि चार एकेक गुणाचे. दुसरा प्रश्न बारा गुणांचा, त्यात कृती पूर्ण करण्याचे चार आणि दोन-दोन गुणांचे आठ. तिसरा नऊ, चौथा आठ, पाचवा तीन. याचा अर्थ पहिल्या दोन प्रश्नांतच वीस गुण आहेत. दोन्ही पेपर मिळून चाळीस. पास व्हायला शंभरपैकी पस्तीस लागतात आणि त्यात शाळेकडचे अंतर्गत गुण धरले जातात. अंतर्गत सोळा असतील तर लेखीत ऐंशीपैकी एकोणीस हवे. ते पहिल्या दोन प्रश्नांच्या निम्म्यापेक्षाही कमी आहेत. हा हिशोब मुलाच्या हाताने कागदावर मांडून घ्या. ‘अख्खं पुस्तक करायचंय’ या भीतीतून सुटण्याचा तो पहिला उपाय आहे.

म्हणून तयारी अशी. पहिले पाच-सहा दिवस निकालातून सावरण्यात आणि उत्तरपत्रिका वाचण्यात जातात, जाऊ द्या. पुढचे पंचवीस दिवस प्रकरणं. बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे, अंकगणिती श्रेढी आणि संभाव्यता आधी घ्या. तिन्हीत पद्धत ठरलेली असते आणि सरावाने हात बसतो. वर्गसमीकरणे त्यानंतर. तिथे सूत्र पद्धतीत एकच चूक वारंवार होते: शेवटचं पद ऋण असताना विवेचक काढताना वजा आणि वजा मिळून अधिक होतं हे विसरतात, आणि उत्तराच्या जागी वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. तशी आली की थांबा, चिन्ह तपासा. सांख्यिकीत मोठी सारणी असते, गुणाकारात घसरायला होतं, म्हणून ती शेवटी.

भूमितीत निर्देशक भूमिती आणि भौमितिक रचना आधी. निर्देशक भूमितीत अंतराचं सूत्र, मध्यबिंदू, विभाजन आणि चढ ही मुख्य सूत्रं आहेत. रचनेसाठी टोकदार पेन्सिल, घट्ट बसणारा कंपास आणि आधी कच्ची आकृती. कंपास सैल असला की कंस सरकतो आणि येत असलेली रचनाही चुकते. चाळीस-पन्नास रुपयांचा नवीन कंपास घेणं हा इथे खरोखर अभ्यासाचा भाग आहे. समरूपता आणि वर्तुळ यांतली प्रमेयं आधी विधान म्हणून पाठ करा, कारण एक गुणाचे प्रश्न त्यावरच येतात. सिद्धता नंतर.

शेवटचे दहा-बारा दिवस फक्त पेपर. दोन तास, घड्याळ समोर, फोन दुसऱ्या खोलीत. एक दिवस पेपर, दुसऱ्या दिवशी त्यातल्या चुका त्याच चार रकान्यांत. जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात मिळतात आणि पाठ्यपुस्तकं हरवली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. नवीन गाइड, नवीन अ‍ॅप, तिसरा क्लास यांतलं काही घेऊ नका. सहा आठवड्यांत एक पाठ्यपुस्तक आणि आठ-दहा प्रश्नपत्रिका एवढंच नीट होतं.

रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड तास पुरतात. पुण्यात मेच्या दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरात डोकं चालत नाही, तेव्हा दुपार झोपेला द्या. घरात जागा नसेल तर जवळच्या वाचनालयाची अभ्यासिका पाहा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षावाल्यांनी भरलेल्या असतात, दहावीच्या मुलाला तिथलं वातावरण दडपून टाकतं.

इंग्रजीचं थोडक्यात. उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातच असतात, म्हणून आधी प्रश्न वाचून मग उतारा वाचायची सवय लावा. पत्रलेखनाचा साचा, म्हणजे पत्ता, तारीख, विषय, मायना, शेवट, रोज एकदा न बघता लिहा. साच्यालाही गुण असतात. रोज एक उतारा, एक पत्र, महिनाभर. कविता पाठ करत बसू नका. जागा कोरी सोडणं ही इंग्रजीत नापास होण्यामागची मोठी चूक आहे. मोडकं वाक्य लिहिलं तरी एखादा गुण मिळतो, कोऱ्या जागेला शून्यच.

पास झालात, पण हवं ते कॉलेज मिळेल असं दिसत नाही

अकरावीचे प्रवेश पुण्यात बरीच वर्षं ऑनलाइन होतात आणि २०२५-२६ पासून ते राज्यभर तसेच आहेत. अर्जात जास्तीत जास्त दहा पसंतिक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून ‘बघू मिळतं का’ म्हणून पहिल्या क्रमांकावर असं कॉलेज टाकू नका जिथे खरं म्हणजे जायचंच नाही.

संकेतस्थळावर मागच्या वर्षीचे कट-ऑफ पाहा आणि दहा जागा अशा भरा: पहिली तीन आपल्या गुणांपेक्षा थोडी वर, मधली चार आपल्या गुणांच्या आसपास, शेवटची तीन आपल्या गुणांपेक्षा बरीच खाली. दहाच्या दहा जागी नामांकित कॉलेजं लिहिणाऱ्यांना पहिल्या फेरीत काहीच मिळत नाही, आणि निकालाच्या धक्क्यावर हा दुसरा धक्का बसतो. अंतर मोजताना नकाशावरचे किलोमीटर पाहू नका, सकाळी साडेसहाला घरून निघून पीएमपीच्या बसने प्रत्यक्ष जाऊन या. हडपसरहून डेक्कनला रोज जाण्या-येण्यात जाणारे दोन-अडीच तास हे कॉलेजच्या नावापेक्षा जास्त परिणाम करतात.

बारावीवाल्यांनी एक गोष्ट आधी पाहावी. राज्यातल्या अभियांत्रिकीच्या बहुतेक जागा सीईटी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळतात. बारावीत ठरलेल्या तीन विषयांत खुल्या वर्गाला पंचेचाळीस टक्के आणि राखीव वर्गाला चाळीस टक्के असले की पात्रता पूर्ण होते. म्हणजे बारावीला बासष्ट मिळाले आणि सीईटी चांगली गेली आहे, तर रडण्याचं कारण नाही. वैद्यकीयला नीटचे गुण लागतात, तिथे बारावीची पात्रता खुल्या वर्गाला पन्नास टक्के, राखीवला चाळीस. कला-वाणिज्यच्या चांगल्या कॉलेजांत मात्र बारावीच्या गुणांचं वजन मोठं आहे, तिथे पर्याय दोन-चार जास्तच ठेवावेत.

दहावीनंतर सगळ्यांनी अकरावीलाच जावं असंही नाही. पदविका अभियांत्रिकीला दहावीचे पस्तीस टक्के पुरतात आणि पुढे थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. गणेशखिंड रस्त्यावरच्या शासकीय तंत्रनिकेतनात जागा मिळायला गुण चांगले लागतात, पण जिल्ह्यात खासगी तंत्रनिकेतनंही पुष्कळ आहेत. औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन कार्यशाळा एकदा डोळ्यांनी पाहून या. वेल्डर, सुतारकाम अशा काही ट्रेडना दहावी पास असण्याचीही अट नसते. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत चांगला हात असलेल्याला काम मिळतं. फक्त हा निर्णय शिक्षा म्हणून देऊ नका. ‘अभ्यास जमत नाही ना, मग जा आयटीआयला’ हे ऐकून गेलेला मुलगा तिथेही मन लावत नाही. दोन-तीन ट्रेड पाहून, मुलाने स्वतः निवडला तर गोष्ट वेगळी होते.

कलचाचणी करायची असेल तर निकालाच्या आठवड्यात नको. मन उतरलेलं असताना मूल सगळ्याच प्रश्नांना ‘आवडत नाही’ म्हणतं. तीन-चार आठवडे जाऊ द्या. सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीत अशा चाचण्या होतात. शाळेच्या समुपदेशकांनाही विचारता येईल. अहवालातलं एखादं वाक्य निर्णय म्हणून घेऊ नका, बोलायला विषय म्हणून घ्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी

पुरवणीला केंद्रं कमी असतात, त्यामुळे नंबर ओळखीच्या शाळेत लागेलच असं नाही. आदल्या दिवशी ज्या वेळी पेपर आहे त्याच वेळी बसने जाऊन शाळेचं फाटक पाहून या. जूनअखेर पाऊस सुरू झालेला असतो, प्रवेशपत्र आणि ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. दोन निळी पेनं, तासलेल्या दोन पेन्सिली, पट्टी, घट्ट कंपास, साधं घड्याळ. पेपर हातात आला की पहिली पाच मिनिटं फक्त वाचा, ‘कोणतेही दोन’, ‘कोणतेही चार’ या शब्दांखाली रेघ मारा, आणि सोडवायला पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करा.